अमेरिकेने नाकारलं, पुण्याने बनवलं; पण शेतकऱ्याच्या मोबाईलपर्यंत त्यातलं काय पोहोचलं?

पुणे : २६ सप्टेंबर २०२४ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी पुण्यात येणार होते. मुसळधार पावसामुळे दौरा रद्द झाला. मग त्यांनी संध्याकाळी व्हिडिओ कॉन्फरन्सवरूनच ‘परम रुद्र’ नावाच्या तीन महासंगणकांचं आणि हवामानाचा अंदाज काढणाऱ्या ‘अर्क’ व ‘अरुणिका’ या यंत्रणांचं लोकार्पण केलं. हवामानाच्या संगणकाचा कार्यक्रम पावसानेच उधळला, यावर सोशल मीडियावर विनोद होणारच होते. विनोद बाजूला ठेवले, तरी त्या दिवशीच्या नावांमध्ये एक जुनं नाव होतं. ‘परम’.

हे नाव पुण्यातून निघालं १९९१ मध्ये. त्यामागचा माणूस मात्र पुण्याचा नव्हता. डॉ. विजय पांडुरंग भटकर यांचा जन्म ११ ऑक्टोबर १९४६ चा, अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंबा गावचा. नागपूरच्या विश्वेश्वरय्या कॉलेजातून १९६५ मध्ये इंजिनिअरिंग, बडोद्याहून पुढची पदवी, १९७२ मध्ये आयआयटी दिल्लीची पीएच.डी. त्यानंतर केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याशी संबंधित काम आणि मग तिरुअनंतपुरमच्या इलेक्ट्रॉनिक्स संशोधन केंद्राचं संचालकपद. १९८८ पर्यंत त्यांचं नाव या क्षेत्राबाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं.

भटकरांबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर दर काही महिन्यांनी एक मेसेज फिरतो. अमेरिकेने भारताला सुपरकॉम्प्युटर नाकारला, भटकरांनी तो तीन वर्षांत बनवला, तो जगात दुसऱ्या नंबरचा ठरला आणि अमेरिकेने तोंडात बोट घातलं. मेसेज खोटा नाही. पण अर्धा आहे. आणि उरलेलं अर्धं गावातल्या माणसाच्या जास्त कामाचं आहे.

नकार नेमका काय होता?

१९८० च्या दशकात जगात मोठे संगणक बनवणारी कंपनी म्हणजे अमेरिकेची ‘क्रे’. भारताला बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेसाठी तिचं एक ताकदवान मॉडेल हवं होतं. हे यंत्र पावसाचा हिशोब करतं तसाच अणुबॉम्बचा आणि क्षेपणास्त्राचाही करू शकतं, हा अमेरिकेचा आक्षेप. वाटाघाटी लांबल्या. शेवटी मागितलेलं मॉडेल मिळालं नाही. त्याहून कमी ताकदीचं दिलं, तेही दिल्लीत ठेवायचं, फक्त हवामानासाठी वापरायचं, आणि कोण वापरतं यावर नजर राहणार, अशा अटींवर.

म्हणजे दरवाजा पूर्ण बंद नव्हता. पण घरात पाहुणा आल्यासारखं यंत्र आणि त्याच्यावर मालकाचा पहारा, असा तो सौदा होता. ट्रॅक्टर विकत घ्यायचा आणि कुठल्या शेतात चालवायचा ते विकणाऱ्याने ठरवायचं, असं समजा.

त्यावर उत्तर म्हणून केंद्र सरकारने १९८८ मध्ये पुण्यात ‘सी-डॅक’ म्हणजे प्रगत संगणन विकास केंद्र काढलं. गणेशखिंडीत, पुणे विद्यापीठाच्या आवारात. प्रमुख म्हणून भटकर आले. मुदत तीन वर्षं, पैसे तीस-पस्तीस कोटींच्या घरात. परदेशातून एक मोठा संगणक आणायचा तरी खर्च त्याच पट्टीतला होता.

एक पैलवान की चौसष्ट मजूर?

क्रेच्या यंत्राची रीत अशी की आत मोजकेच, पण अफाट वेगाचे प्रोसेसर. प्रोसेसर म्हणजे संगणकाचा हिशोब करणारा मेंदू. असा मेंदू भारत बनवू शकत नव्हता, आणि विकतही कुणी देत नव्हतं. भटकर आणि त्यांच्या तरुण टीमने दुसरी वाट धरली. इंग्लंडमधल्या ‘इनमॉस’ कंपनीचा ‘ट्रान्सप्युटर’ नावाचा छोटा प्रोसेसर बाजारात सहज मिळत होता. एकट्याची ताकद बेताची. पण त्याला दुसऱ्या ट्रान्सप्युटरशी थेट जोडायची सोय होती. असे चौसष्ट जोडायचे, पुढे दोनशे छप्पन्न जोडायचे, आणि काम वाटून द्यायचं.

ऐकायला सोपं आहे. ज्याने कांदा काढणीला मजूर लावलेत त्याला माहीत आहे की कुठे अडतं. चाळीस मजूर आणले म्हणून काम चाळीसपट होत नाही. कुणी काढायचं, कुणी कापायचं, कुणी वाहायचं हे नीट लावलं नाही तर निम्मे उभे राहतात. मुकादम हुशार लागतो. संगणकात हा मुकादम म्हणजे सॉफ्टवेअर. आणि हवामानाचा हिशोब तर आणखी किचकट, कारण एका मजुराच्या वाफ्यातला ढग पुढच्या क्षणी शेजारच्या वाफ्यात जातो. प्रत्येकाने आपल्या वाफ्याचा हिशोब करता करता शेजाऱ्याला सतत सांगत राहायचं असतं. सांगण्यातच वेळ गेला तर यंत्र फुकट.

पुण्यात तीन वर्षं खरी झटापट झाली ती या मुकादमावर. प्रोसेसर विकतचे होते, जोडणी आणि त्यावर काम वाटणारं सॉफ्टवेअर इथलं होतं. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ तयार झाला. परम म्हणजे श्रेष्ठ, आणि एकाच वेळी समांतर काम करणाऱ्या यंत्राच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरंही त्यात बसतात. २५६ प्रोसेसरच्या जोडणीत त्याची कमाल ताकद सेकंदाला सुमारे १०० कोटी आकडेमोडींची होती. त्याच वर्षी एक यंत्र मॉस्कोच्या संस्थेतही बसलं.

आज हा आकडा ऐकून हसू येईल. दहा-बारा हजारांच्या साध्या स्मार्टफोनची ताकद त्याच्या कैक पट आहे. पण १९९१ मध्ये गावात एक फोन असायचा तो ग्रामपंचायतीत किंवा पोस्टात, आणि ट्रंक कॉल लावून तासभर बसावं लागायचं. तुलना त्या काळाशी करावी लागते.

आता ‘जगात दुसरा’ या दाव्याचं. १९९० मध्ये झुरिकच्या एका प्रदर्शनात परमच्या नमुन्याची चाचणी झाली आणि जाहीरपणे दाखवलेल्या यंत्रांत तो अमेरिकेखालोखाल ठरला, असं सांगितलं जातं. मात्र जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांची क्रमवार यादी निघायला लागली तीच १९९३ पासून. त्याआधी नंबर लावणारं सर्वमान्य माप नव्हतं. तेव्हा ‘दुसरा नंबर’ हे अभिमानाने सांगायला ठीक, छातीठोकपणे लिहायला नाही. आणि भारतात हा प्रयत्न करणारं पुणं एकटंही नव्हतं. बेंगळुरूच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने ‘फ्लोसॉल्व्हर’ नावाचं समांतर यंत्र १९८६ मध्येच केलं होतं, मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘अनुपम’ केलं. भटकरांचं वेगळेपण हे की त्यांनी प्रयोगशाळेच्या एका गरजेपुरतं यंत्र न करता, विकता येईल असं यंत्र आणि ते चालवणारी संस्था उभी केली. हे काम शास्त्रज्ञाचं कमी आणि बांधणी करणाऱ्याचं जास्त. यात कमीपणा काही नाही. सहकारी साखर कारखाना ज्यांनी उभा केला त्यांनी ऊस स्वतः तोडला नव्हता.

मोबाईलवरचं मराठी कुठून आलं?

परमचा गाजावाजा होत असताना त्याच सी-डॅकमध्ये एक काम शांतपणे चाललं होतं. त्याला पेपरात मोठे मथळे मिळाले नाहीत. पण हा लेख तुम्ही देवनागरीत वाचताय, त्याच्याशी त्या कामाचा थेट संबंध आहे.

संगणक मुळात इंग्रजीसाठी बनला. त्याला क, ख, ग कळत नाही, आकडे कळतात. प्रत्येक अक्षराला एक आकडा ठरवून द्यावा लागतो. मराठीची अडचण अशी की अक्षर नुसतं एकामागे एक बसत नाही. ‘कि’ मध्ये वेलांटी आधी दिसते, उच्चार नंतर होतो. ‘र्क’ मध्ये र डोक्यावर जातो. ‘क्ष’ चं रूपच बदलतं. आयआयटी कानपूरमध्ये १९८० च्या दशकात मोहन तांबे यांनी यावर काम केलं. ‘जिस्ट’ नावाचं तंत्र निघालं. सी-डॅक सुरू झाल्यावर हे काम पुण्यात आलं आणि भटकरांनी त्याला संस्थेत घर दिलं. संगणकात एक जिस्ट कार्ड बसवायचं की त्यावर भारतीय लिपी दिसायला लागायची. श्रेय वाटायचं झालं तर तंत्राचं श्रेय तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं, आसरा देण्याचं भटकरांचं. व्हॉट्सअ‍ॅपच्या मेसेजमध्ये हे नाव कधी येत नाही.

या कामातून भारतीय अक्षरांच्या आकड्यांचं एक मानक घडलं, ‘इस्की’. त्यात एक डोकेबाज गोष्ट होती. भारतातल्या बहुतेक लिपी ब्राह्मीच्या लेकी आहेत, वर्णमाला जवळपास तीच. म्हणून देवनागरीतल्या ‘क’ ची जागा, गुजरातीतल्या ‘क’ ची आणि तेलुगूतल्या ‘क’ चीही जागा तीच ठेवली. पुढे जगभरातल्या लिपींसाठी ‘युनिकोड’ हे एकच मानक ठरलं, तेव्हा देवनागरीचा तक्ता १९८८ च्या इस्कीवरूनच बेतला गेला. आज अँड्रॉइड असो की आयफोन, व्हॉट्सअ‍ॅप असो की सातबाराचं पोर्टल, मराठी अक्षरं युनिकोडमध्येच साठतात. म्हणजे गावच्या ग्रुपवर तुम्ही ‘पाऊस आला का?’ असं टाकता, तेव्हा त्या अक्षरांचा क्रम त्या काळात ठरलेला असतो.

मधली वीसेक वर्षं मात्र गोंधळाची गेली. तालुक्याच्या डीटीपीवाल्याला विचारा. एका फॉन्टमध्ये केलेली लग्नपत्रिका दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसते वेडेवाकडे चट्टे. कंपन्यांनी आपापले फॉन्ट काढले, प्रत्येकाचे आकडे वेगळे. खुद्द सी-डॅकचे फॉन्टही याला अपवाद नव्हते. मानक बनवणाऱ्या संस्थेचे स्वतःचे फॉन्टही त्या मानकाबाहेर चालावेत, ही त्या काळातली मोठी चूकच म्हणावी लागेल. सरकारी कार्यालयांतला कितीतरी जुना मजकूर त्यामुळे आजही शोधता येत नाही.

मग पावसाचं काय?

भारताला क्रेचं यंत्र दिलं गेलं ते हवामानाच्या नावाने, म्हणून परम बनला तो हवामानासाठी, आणि आज पुण्याचा महासंगणक पावसाचा अंदाज देतो तो परमच, असा सरळ धागा बरेच जण जोडतात. तो तसा नाही.

मोसमी पावसावर संशोधन करणारी भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था पुण्यातच पाषाणला आहे, सी-डॅकच्या पाषाणमधल्या नव्या आवारापासून फार लांब नाही. २०१८ मध्ये तिथे ‘प्रत्यूष’ नावाचा महासंगणक बसला. तो कुणाचा होता? क्रेचाच. ज्या कंपनीच्या यंत्रावरून तीस वर्षांपूर्वी एवढं रामायण झालं, तिचं यंत्र पुण्यात आलं आणि कुणी वळूनही पाहिलं नाही. आणि २०२४ च्या त्या पावसाळी संध्याकाळी लोकार्पण झालेला ‘अर्क’ बनवलाय फ्रान्सच्या एव्हिडेन कंपनीने. अर्क आणि नोएडातला अरुणिका मिळून खर्च ८५० कोटी. अर्कची ताकद ११.७७ पेटाफ्लॉप्स, म्हणजे परम ८००० च्या एक कोटी पटीहूनही जास्त.

तेव्हा परमने शेतकऱ्याला पाऊस सांगितला, असं म्हणता येत नाही. परमने वेगळं काम केलं. ‘देणार नाही’ या शब्दाची किंमत उतरवली. समोरचा स्वतः बनवू शकतो हे दिसलं की विकणाऱ्याची अट ढिली पडते, हे बाजार समितीत माल नेणाऱ्याला वेगळं सांगायला नको. दुसरं काम माणसं घडवण्याचं. समांतर संगणकावर काम करणारे शेकडो इंजिनिअर सी-डॅकमध्ये तयार झाले, आणि तिथल्या अभ्यासक्रमांतून ग्रामीण भागातली पोरंही पुण्याच्या आयटीत शिरली.

अर्कवर आता चालतं ते ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ हे मॉडेल. ते परदेशी नाही, पाषाणच्याच संस्थेत विकसित झालं आणि २६ मे २०२५ ला वापरात आलं. आधीच्या मॉडेलमध्ये देश १२ किलोमीटरच्या चौकोनांत विभागलेला होता, आता ६ किलोमीटरच्या. ऐकायला निम्मंच वाटतं. पण चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात, आणि हिशोबही दुप्पट वेळा करावा लागतो. म्हणजे काम आठपट. त्यासाठीच एवढा मोठा संगणक लागतो. १२ किलोमीटरच्या एका चौकोनात दहा-पंधरा गावं सहज येतात. एका गावाला गारा आणि शेजारचं कोरडं, असा अवकाळी पाऊस त्यात दिसणार कसा? ६ किलोमीटरमध्येही सगळं दिसत नाही, पण निदान तालुक्याच्या पूर्वेला आणि पश्चिमेला वेगळं सांगता येतं.

ऑक्टोबर २०२४ पासून ग्रामपंचायत पातळीवरचा अंदाज द्यायला केंद्राने सुरुवात केली आहे. हवामान खात्याच्या ‘मौसमग्राम’ या संकेतस्थळावर राज्य, जिल्हा, तालुका निवडत थेट आपल्या ग्रामपंचायतीपर्यंत जाता येतं आणि पुढच्या दहा दिवसांपर्यंतचा अंदाज दिसतो. फवारणी करायची की थांबायचं, कांदा झाकायचा की वाळू द्यायचा, एवढं ठरवायला पहिल्या दोन-तीन दिवसांचा अंदाज बघावा. त्यापुढचा फक्त कल म्हणून.

पण इथे एक मेख आहे. संगणक कितीही मोठा असला तरी आज जमिनीवर काय चाललंय हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. तापमान, वारा, आर्द्रता, पडलेला पाऊस. महाराष्ट्रात ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळाला एक याप्रमाणे दोन हजारांहून जास्त स्वयंचलित हवामान केंद्रं उभी राहिली. एका मंडळात पंधरा-वीस गावं. केंद्र मंडळाच्या एका टोकाला आणि ढगफुटी दुसऱ्या टोकाला, हा अनुभव पीक विम्याच्या वेळी कितीतरी गावांनी घेतला आहे. अंदाज ग्रामपंचायतीचा आणि मोजणी मंडळाची, ही फट महासंगणकाने बुजत नाही. ग्रामपंचायतीच्या आवारात पर्जन्यमापक बसवणं हे परमच्या मानाने किरकोळ काम आहे, आणि तरी तेच रखडतं.

नकार पुन्हा आला होता

जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणाऱ्या चिप कुणाला किती विकायच्या, याचा नियम जाहीर केला. त्यात देशांच्या तीन पायऱ्या होत्या. भारत पहिल्या पायरीवर नव्हता. मधल्या पायरीवर, म्हणजे मर्यादेत विक्री. नियम लागू होण्याआधीच मे २०२५ मध्ये नव्या सरकारने तो मागे घेतला, त्यामुळे इथे फारशी चर्चा झाली नाही. पण १९८७ ची आठवण यावी असाच तो मामला होता.

या वेळी भारताची स्थिती तेव्हापेक्षा बरी आहे. २०१५ पासूनच्या राष्ट्रीय महासंगणन मोहिमेत, ४,५०० कोटींच्या तरतुदीतून, देशभर तीसहून अधिक यंत्रं बसली. पुण्यात सी-डॅकचं ‘ऐरावत’ हे कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीचं यंत्र जून २०२३ मध्ये जगाच्या यादीत ७५ वं आलं. जुन्नर तालुक्यात खोडदच्या मोठ्या रेडिओ दुर्बिणीची निरीक्षणं आता परम रुद्रवर तपासली जातात. रुद्रचा सर्व्हर सी-डॅकने देशातच डिझाइन केला आहे.

आतला प्रोसेसर मात्र इंटेलचा आहे. परम ८००० मध्ये इंग्लंडचा होता, परम १०००० मध्ये अमेरिकेच्या सनचा, परम पद्ममध्ये आयबीएमचा. पस्तीस वर्षांत भोवतालचं सगळं इथलं झालं, मेंदू बाहेरचाच राहिला. भटकरांनी १९८८ मध्ये निवडलेली वाट हुशारीची होती, बाजारात मिळतं त्यावर जोडणी करायची. पण ती तीन वर्षांत काम तडीस न्यायची वाट होती. पुढच्या सरकारांनी तीच कायमची करून टाकली, आणि याचा दोष भटकरांच्या माथी मारता येणार नाही. सी-डॅक आता स्वतःच्या प्रोसेसरवर काम करतंय. ते बाजारात उतरेपर्यंत चिप विकणाऱ्याचा मूड सांभाळावा लागणार.

स्वतः भटकर ‘परम १००००’ येईपर्यंत सी-डॅकचे प्रमुख होते. नंतर ते पुण्यातच शिक्षणाच्या कामाकडे वळले, विज्ञान आणि अध्यात्म यांवर बोलू लागले, २०१७ मध्ये नालंदा विद्यापीठाचे कुलपती झाले. पद्मश्री, पद्मभूषण, महाराष्ट्र भूषण हे सन्मान मिळाले.

कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी केंद्राने मार्च २०२४ मध्ये १०,३७२ कोटींची मोहीम मंजूर केली. या यंत्रांना मराठी शिकवायची तर मराठीतला भरपूर मजकूर आणि आवाज लागतो. पुस्तकी मराठी तरी मिळेल. पण वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्या शेतकऱ्याने फोनला तोंडी विचारलं की ‘उद्या पाणी येईन का?’, तर त्याला ते कळायला हवं. अक्षरांना आकडे देण्याचं काम तेव्हा पुण्यात झालं. बोलीला तसं घर कोण देतंय, ते अजून दिसायचं आहे.